ट्रॅक्टरची ओढ मोजायची तर

चिकोडीजवळच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: "आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आठ वर्षांचा आहे. भावकीतल्या एकानं तेवढ्याच एचपीचा नवा घेतलाय. खोडवा मोडताना त्याच्या मागं दोन फाळी पल्टी नांगर सरळ जातो, आमचा दहा पावलांवर चाक फिरवत बसतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलू या. ट्रॅक्टर किती ओढतो हे मोजायचं यंत्र मिळतं का? घरी बनवता येईल का? आणि ते इंजिनचं दुखणं दाखवेल का?"

पहिल्या दोन प्रश्नांना हो. तिसऱ्याला नाही, निदान एकट्यानं नाही.

मी बेळगावात, उद्यमबागेत, हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात आयुष्य घालवलं. ट्रॅक्टरची ओढ मोजायचा नाद त्यातूनच लागला. एक साधा सिलिंडर आणि एक गेज एवढ्यावर हे काम होतं, हे एकदा कळल्यावर गप्प बसवेना. तुमच्यासारखे पुष्कळ जण भेटले. त्यातल्या बहुतेकांचं इंजिन धडधाकट निघालं.

तुमच्या प्रश्नातच उत्तर पडलंय. "चाक फिरवत बसतो" म्हणता. चाक फिरतंय म्हणजे इंजिन चाकाला ताकद देतंय, ती मातीत उतरत नाही. इंजिन कमजोर असतं तर चाक फिरलंच नसतं. आवाज बसला असता, आरपीएम खाली आले असते, काळा धूर निघाला असता आणि ट्रॅक्टर दबून बंद पडला असता. तेव्हा काही विकत घेण्याआधी एवढं करा. नांगर जमिनीत घाला, नेहमीचा गियर, नेहमीचा थ्रॉटल, आणि अडला त्या क्षणी आरपीएम मीटरकडं बघा. आरपीएम टिकून चाक घसरलं तर दोष टायर, वजन, नांगर यांपैकी कशात तरी आहे. आरपीएम पडले आणि चाकानं माती धरून ठेवली, तर मेकॅनिकचं ऐका. फक्त हे नेहमीच्या नांगरटीच्या गियरमध्येच करा. वरच्या गियरमध्ये चांगलं इंजिनही दबतं आणि अगदी खालच्यात आजारी इंजिनही चाक फिरवून दाखवतं.

दुसरं त्याहून सोपं. तुमचा नांगर भावकीच्या ट्रॅक्टरला लावा, त्याचा तुमच्याला. फाळ बोथट झालेला असतो, टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारी दांडी, चुकीच्या लांबीवर असते, आणि शिव्या ट्रॅक्टरला पडतात. भावकीत बोलणं असेल तर हे एका सकाळचं काम आहे. नसेल तर पुढं वाचा.

आता हिशेब. ओढ किलोत आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून २७० नं भागा. येतो तो ड्रॉबारवरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांडीवरचा, एचपी. उलटं करून बघा. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरमधून हुकावर अगदी ३५ एचपी मिळाले असं धरलं, तर ताशी ४ किलोमीटरला ओढ येते सुमारे २,३६० किलो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आहे २,१०० च्या आसपास. आपल्या वजनापेक्षा जास्त ओढ रबरी चाकानं मोकळ्या मातीत कुठून आणायची? म्हणजे नांगरटीच्या वेगाला इंजिन संपायच्या आधी चाकाची पकड संपते. एचपी इंजिनचा असतो, ओढ वजनाची आणि मातीची. कंपनीच्या पाटीवरचा आकडा सारखा असून दोन ट्रॅक्टर वेगळे ओढतात, त्याचं मूळ इथं आहे.

हे गाऱ्हाणं शंभर वर्षांचं आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी आमदार होता. विकत घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणं काम देईना म्हणून त्यानं कायदाच करवून घेतला, १९१९ साली. तपासणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून तिथं ओढीच्या चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडं हे काम मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होतं. पक्क्या ट्रॅकवर ट्रॅक्टरच्या मागं ब्रेक लावणारी जड गाडी जोडतात, मध्ये ओढ मोजणारा लोडसेल असतो, आणि चाकाची घसरण १५ टक्क्यांच्या वर जाऊ न देता जास्तीत जास्त ओढ काढतात. तुमच्या मॉडेलचा तो अहवाल मिळवून ड्रॉबारचं पान बघा. वजनं लावून किती आणि न लावता किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मा प्रश्न सुटतो. मात्र तो आकडा काँक्रीटवरचा आहे, तुमच्या रानात तेवढा मिळणार नाही.

आता यंत्राचं. जुन्या काळी स्प्रिंगचा काटा असे. बैलांच्या नांगराला तो पुरे, ट्रॅक्टरला नाही. सुई इतकी नाचते की वाचायचं काय हेच कळत नाही.

आज सगळ्यात सोपं म्हणजे क्रेनला टांगायचा डिजिटल काटा. फाउंड्रीत साचे नि कास्टिंग तोलायला वापरतात तोच. वर कडी, खाली हुक, आत लोडसेल. लोडसेल म्हणजे पोलादाचा तुकडा, त्यावर बारीक तारेच्या जाळीचे गेज चिकटवलेले. ताण आला की पोलाद केसाच्या अंशाएवढं लांबतं, तारेचा विद्युत रोध बदलतो, आणि त्यावरून किलो दिसतात. तो आडवा लावला तरी चालतो, फक्त ओढ सरळ रेषेत हवी. क्षमता ५ टनांची घ्या. तुमची ओढ दीड टनाच्या वर क्वचित जाईल, पण क्लच झटक्यात सुटला तर त्याच्या दुप्पट धक्का बसतो. मी पहिल्यांदा २ टनांचा आणला होता. कडी वाकली, आणि त्यानंतर तो काटा रिकामा असतानाही ४० किलो दाखवायचा.

यात एक खोच आहे. हा काटा स्थिर वजनासाठी बनवलेला असतो. आकडा थांबला की 'होल्ड' होतो, पण रानात आकडा थांबतच नाही. ढेकूळ आलं की १,३००, पोकळ लागलं की ९००. म्हणून मी काट्याच्या बाजूला लोखंडी पट्टी वेल्ड करून तिच्यावर मोबाइल बांधतो आणि व्हिडिओ घेतो. घरी येऊन दर दोन सेकंदांचा आकडा वहीत उतरवायचा आणि सरासरी काढायची. 'पीक' म्हणून दिसणारा मोठा आकडा लोकांना सांगायला छान, हिशेबाला निरुपयोगी. एक दगड लागला की तो वाढतो.

घरी बनवायचा असेल तर सिलिंडर. ८० मिमी बोअर (आतला व्यास), ४० मिमी रॉड, जुना पण सील नवे घातलेला. ओढताना रॉडच्या बाजूचं तेल दाबलं जातं, म्हणून रॉडची जागा वजा करून क्षेत्रफळ धरायचं. ते येतं ३७.७ चौरस सेंटीमीटर. रॉडच्या बाजूला तेल भरा, हवा पूर्ण काढा, पोर्टला गेज बसवा. दुसरी बाजू हवेला मोकळी. गेजवर ४० किलो प्रति चौरस सेंटीमीटर दिसलं की ओढ झाली साधारण १,५०० किलो. गेज १०० पर्यंतचं आणि ग्लिसरीन भरलेलं घ्या, आणि त्याच्या आधी एक बारीक सुईचा व्हॉल्व्ह टाका. तो जवळजवळ बंद ठेवला की काटा नाचत नाही, आपोआप सरासरी दाखवतो. डिजिटलपेक्षा मला हाच आवडतो. त्यात बॅटरी नाही, उन्हात स्क्रीन न दिसण्याचा त्रास नाही.

त्याचे दोष दोन. सील घट्ट असेल तर ओढ वाढताना गेज कमी दाखवतं आणि उतरताना जास्त. आणि सील गळत असेल तर पिस्टन सरकत टोकाला जाऊन टेकतो. मग ओढ लोखंडानं लोखंडाला जाते आणि गेज खोटं बोलतं. म्हणून रॉडवर खडूची खूण करून ठेवा. चाचणीच्या शेवटी खूण सरकलेली असेल तर ते आकडे फाडून टाका.

खरेपणा तपासायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एखाद्या फाउंड्रीचा तपासलेला क्रेनकाटा घ्या, तुमचा सिलिंडर त्याच्याशी एकामागं एक जोडा आणि चेनब्लॉकनं ताणा. साखळी एकच, त्यामुळं ओढही दोघांवर एकच. २०० पासून २,००० पर्यंत दहा ठिकाणी दोन्ही आकडे लिहा, चढताना आणि उतरताना. तोच तक्ता पुढं कायम वापरायचा. आमच्या वर्कशॉपमध्ये हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक जण कानडीत आकडा सांगायचा, मी मराठीत लिहायचो, आणि 'एंबत्तू' म्हणजे ऐंशी की अठ्ठ्याऐंशी यावर अर्धा तास गेला.

मोजायची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण नांगर ट्रॅक्टरला तीन लिंकांवर टांगलेला असतो. हुक आणि नांगराच्या मध्ये काटा घालायला जागाच नाही. त्यासाठी दोन ट्रॅक्टर लागतात. पुढचा ओढणारा, मागचा नांगरवाला न्यूट्रलमध्ये, मध्ये साखळी आणि काटा. आधी नांगर वर उचलून ओढा. येतो तो मागच्या ट्रॅक्टरच्या चाकांचा अडथळा. मग त्याच रेषेशेजारी नांगर घालून ओढा. दोन्हींतला फरक ही नांगराची ओढ.

मागं एकदा चिकोडीकडच्याच एका काळ्या रानात आम्ही हे केलं. ऊस जाऊन खोडवा राहिलेला, वर सुकं, खाली वीतभर ओल. पुढं ५५ एचपीचा, पुढच्या-मागच्या वजनांसकट. २० मीटरवर दोन काठ्या रोवल्या. नांगर उचललेला असताना सरासरी आली १९० किलो. नांगर घातल्यावर १,१५०. म्हणजे नांगराची ओढ ९६० किलो. टेपनं मोजलं तर तासाची, म्हणजे नांगराच्या चरीची, रुंदी ६० सेंटीमीटर, खोली २०, म्हणजे १,२०० चौरस सेंटीमीटर माती कापली जात होती. दर चौरस सेंटीमीटरला ०.८ किलो. कानडीत जिला एरी म्हणतात त्या जड मातीला हा आकडा शोभतो. तोच नांगर खानापूरकडच्या तांबड्या हलक्या जमिनीत निम्म्यावर येईल, आणि दोन्हीकडं ओल चुकली तर दोन्ही आकडे बदलतील.

९६० किलो म्हणजे किती? बैल दिवसभर टिकून आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं ओढतो. दोन्ही मिळून ९०० किलोंची जोडी धरली तर ९० किलो. म्हणजे त्या नांगराला दहा-अकरा जोड्या लागल्या असत्या. कृष्णाकाठच्या काळ्या रानात मोठ्या नांगराला कितीतरी जोड्या जुंपायचे, ते हौसेनं नव्हतं. कृष्णाखोरी बैल एवढा थोराड का, हेही त्यातच आलं.

काठ्यांमधलं अंतर कापायला १८ सेकंद लागले, म्हणजे ताशी ४ किलोमीटर. नांगर आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं चालणं मिळून १,१५० किलो गुणिले ४ भागिले २७०, सतरा एचपी. घसरण आणि गियरमधलं नुकसान धरलं तरी इंजिनकडून पंचवीसच्या आसपास मागणी. मागचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर ज्याचा होता तोही इंजिन खोलायच्या बेतात होता. ४५ मधले पंचवीस मागितल्यावर जे इंजिन आरपीएम सोडत नाही, ते खोलून काय बघायचं?

मग घसरण मोजली. हिला यंत्र लागत नाही, चुना आणि टेप लागतो. मागच्या टायरवर चुन्याची रेघ मारा. त्याच रानात, त्याच गियरमध्ये, नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्या मोजा आणि किती अंतर गेलं ते बघा. मग नांगर घालून पुन्हा दहा फेऱ्या. त्याच्या १३.६-२८ टायरचं रिकामं अंतर आलं ४० मीटर, नांगरासह ३१. नऊ मीटर मातीत गेले, साडेबावीस टक्के. नांगरटीत आठ ते पंधरा टक्के घसरण चालते, थोडी हवीच. त्याच्या वर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. टायरचे कान, म्हणजे माती धरणारे उंचवटे, बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते, आत वजनासाठी भरतात ते पाणी नव्हतं, वजनं गोठ्यात पडून होती, त्यांच्यावर कोंबड्या बसत. नवे टायर, प्रत्येकात पाऊण भरेल एवढं म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास पाणी, आणि वजनं जागेवर. पुढच्या वेळी दहा फेऱ्यांत ३५ मीटर. तेवढ्याच वेळात आठवा हिस्सा रान जास्त. तुमच्या ट्रॅक्टरचंही असंच काही निघेल अशी माझी अटकळ आहे. रोटर मारताना किंवा उसाची वाहतूक करताना मात्र ते पाणी आणि वजन फुकट वाहावं लागतं, हे लक्षात घेऊन निर्णय करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी कडक बोलणार आहे. साखळी ड्रॉबारलाच लावायची. धुऱ्याला नाही, टॉप लिंकच्या जागेला तर मुळीच नाही. हिशेब करून बघा. हुक जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर, ओढ १,२०० किलो, दोन धुऱ्यांतलं अंतर १९० सेंटीमीटर. पुढच्या चाकांवरून २८४ किलो उचलले जाऊन मागं जातात. हे चांगलंच आहे, पकड वाढते. पण तीच साखळी ८० सेंटीमीटरवर लावली आणि ओढ १,८०० झाली, तर मागं जातात ७५८ किलो. पुढच्या धुऱ्यावर मुळात आठशेच असतात. म्हणजे पुढची चाकं जवळजवळ अधांतरी.

हे मी पाहिलंय. आमच्याच एका चाचणीत ड्रॉबारची पिन सापडेना, कुणीतरी म्हणालं वरच लावा की, दोन मिनिटांचं काम. मीही गप्प राहिलो. क्लच सुटला आणि पुढची चाकं हातभर वर आली. चालवणाऱ्यानं पाय दाबला म्हणून खाली आपटली. त्याला अजून एक सेकंद लागला असता तर ट्रॅक्टर त्याच्यावर उलटला असता. त्या संध्याकाळी कुणी चहा पण घेतला नाही.

जत्रेत पाठीला पाठ लावून दोन ट्रॅक्टर साखळीनं ओढायला लावतात, तिथं नेमकं हेच होतं. त्यात जो जड आणि ज्याचा हुक बरोबर उंचीवर, तो जिंकतो. त्यावरून इंजिन जोखू नका, आणि मुलांना जवळ उभं करू नका. साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही नको. नायलॉनचा दोर अजिबात नको, तो ताणून बसतो आणि तुटला की गोळीसारखा येतो. साखळीवर ओली गोणपाटं टाकून ठेवा, तुटलीच तर झेप कमी होते. आणि साखळी शक्य तेवढी आडवी राहू द्या. तिरकी असेल तर काटा दाखवतो त्यातला थोडा भाग उचलण्यात जातो.

ट्रॉलीचंही विचाराल, म्हणून दोन ओळी. चार चाकी ट्रॉलीच्या दांड्याला काटा सरळ लावता येतो, दुसरा ट्रॅक्टर नको. डांबरावर टनाला २५-३० किलो ओढ धरा, रानातल्या पाणंदीत त्याच्या तिप्पट-चौपट. चढ असेल तर वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर टनाला ५० किलो आणखी. दोन ट्रॉल्या आणि त्यांतला ऊस मिळून २० टन असेल तर एकट्या चढाचे १,००० किलो झाले. कारखान्याच्या रस्त्यावर पुढची चाकं उड्या मारताना दिसतात ती यामुळं.

तुमच्यासाठी क्रम सांगतो. आधी आरपीएम बघा, मग नांगर अदलाबदल, मग चुना नि टेप. या तिन्हीला पैसे लागत नाहीत. तरी उलगडा नाही झाला तर काटा विकत घेण्याआधी कुणा फाउंड्रीवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा, रविवारी बहुतेक रिकामाच असतो. त्याच्या आधी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेऊन एकदा पूर्ण, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून तोलून घ्या आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा. मागच्या चाकांवर किती वजन आहे हे माहीत नसेल तर ओढीचा आकडा घेऊन काही ठरवता येत नाही. आणि येताना टायरवरच्या कानांची उंची मोजून आणा. स्केलनं, मधोमध, अंदाजानं नाही.